भवानी न झालेला बाजार

“भवानी झाली का, कलाबाई?”

सोपान माझ्यासमोर उभा होता. पांढरी पँट, पांढरे बूट, काखेत मंडळाचं पावतीपुस्तक. मी अजून पोतीच सोडत होते. एकात ब्याडगी मिरची, एकात लवंगी, पुढं हळकुंडं नि धने.

“पोत्यांची तोंडं सुटली न्हाईत अजून, तुझं बरं सुटलं,” मी म्हणाले.

“गहिनीभाऊंचा निरोप हाय. आजपासून दोनशे.”

“मागच्या बुधवारी शंभर होते की.”

“मागच्या बुधवारी दुकानं जास्त होती. आता तुम्हीच कमी झालात, त्याला भाऊ काय करणार?”

गाय आटली की हे दोनदा पिळणार, आणि वर गाईलाच विचारणार, दूध का कमी झालं म्हणून.

“भवानी झाल्यावर ये,” मी म्हणाले.

“येतोच.” तो शेजारच्या दस्तगीरचाचांकडं वळला. चाचा कांदा-लसूण विकायचे. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, “माझी पण नाय.”

दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. पहिल्या गिऱ्हाइकाचा पैसा कपाळाला लावायचा, तराजूला लावायचा, मग गल्ल्यात टाकायचा. ती होईस्तोवर कुठलाच व्यापारी कुणाला दमडी देत नाही. चहासुद्धा उधार पितो. खंडणीवाले असली रीत मानतात का, असं तुम्ही विचाराल. आमचा गहिनीनाथ मानायचा. पहिल्याच वर्षी त्यानं एका नारळवाल्याकडून भवानीच्या आधी पैसे ओढून घेतले, आणि त्याच संध्याकाळी त्याची जीप कॅनॉलमध्ये गेली. तेव्हापासून हुकूम होता: वसुली भवानीनंतर. दुसऱ्याची मुंडी पिरगाळताना त्याला कधी देव आठवला नाही. जीप बुडाल्यावर आठवला.

खडकपिंपळीचा बुधवारचा बाजार म्हणजे एके काळी आजूबाजूच्या गावांचं माहेर होता. लिंबाखालची माझी जागा सासूबाईंची. त्यांनी पंधरा वर्षं तिथं मिरची विकली, मग मी बसले. कागद नाही, करार नाही. अमक्याची जागा अमक्याची, हे सगळ्या बाजाराला तोंडपाठ. आणि मग गहिनीनाथानं मित्रमंडळ काढलं.

आधी वीस रुपये. पावतीवर देवीचं चित्र, म्हणजे नाही म्हणणारा देवीलाच नाही म्हणाला. लोकांना वाटलं, वीस रुपयांनी काय होतंय? झालं असं, की पहिल्यांदा एकेक टोपली घेऊन येणाऱ्या बाया गेल्या. मेथीच्या दहा जुड्या आणणारीला वीस रुपये म्हणजे चार जुड्या. ती कशाला येईल? मग दर पन्नास झाला. कासारानं द्यायला नकार दिला, तर मंडळाच्या पोरांनी त्याची पेटी रस्त्यावर पालथी करून वर बूट नाचवले. बांगड्यांचा तो आवाज मला अजून आठवतो. कासार परत आला नाही. त्यानंतर गावातल्या पोरीबाळींना चार बांगड्यांसाठी जीप करून तालुक्याला जावं लागायचं. बांगड्यांपेक्षा भाडं जास्त.

आणि गाव काय म्हणायचं? “ते व्यापाऱ्यांचं व्यापारी बघतील. आमाला काय त्याचं?”

मला त्या गावाचा फार राग यायचा. गहिनीपेक्षा जास्त. पण तोंड दाबून बसायचे, कारण गिऱ्हाइकावर डाफरून मिरची विकता येत नाही.

त्या बुधवारी निघताना मी घरी सांगून आले होते, आजचा शेवटचा बाजार. दोनशे मागतील हे कानावर आलं होतं. दिवसभर घसा कोरडा करून माझ्या हातात तेवढेच राहायचे. मग लिंबाखाली बसायचं कशाला? तालुक्याला कांडप यंत्रावर रोजंदारी मिळत होती, चाचांच्याच ओळखीनं. दुसऱ्याच्या मिरच्या कुटायच्या, दुसऱ्याचा खकाणा नाकात घ्यायचा, शनिवारी पगार. कुणाच्या मध्ये नाही, कुणाच्या तोंडी नाही. आहे तो माल संपवायचा आणि सासूबाईंच्या जागेला हात जोडायचे, असं ठरवूनच मी पोती सोडली होती.

तेवढ्यात पारूकाकू आली. गावातलीच, वरच्या आळीची. ओच्यात काहीतरी बांधलेलं.

“कला, रोकड न्हाई बघ. कालच खळं झालंय. जुंधळा घेतीस का?”

“किती हाय?”

“मापटंभर.”

नोटा मिळाल्या असत्या तर बऱ्या, पण भाकरीचं धान्य नाकारायचं म्हणजे जिवावर येतं. मी ज्वारी हातात घेऊन बघितली. टपोरी, मोत्यासारखी. “घाल,” म्हटलं, आणि तिच्या पिशवीत लवंगी मिरची टाकली. थोडी जास्तच पडली. जायचंच होतं आज, हात कशाला आखडू?

पारूकाकू वळली, आणि सोपान समोर हजर.

“झाली की भवानी. काढा.”

“कुठं झाली?”

“आत्ता त्या म्हातारीला मिरची दिलीत. बघितलं की मी.”

“मिरची दिली, जुंधळा घेतला. जुंधळा काय कपाळाला लावतात काय रे? भवानी पैशाची असती.”

मी हे चलाखीनं बोलले नव्हते, खरंच सांगते. आमच्यात असंच मानतात. धान्याची अदलाबदल ही विक्री नव्हे, तो शेजारधर्म. सोपानही आमच्याच भागातला. त्यालाही ते पटलं. त्यानं ज्वारीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, डोकं खाजवलं.

“मग कधी व्हणार?”

“गिऱ्हाईक नोट घेऊन येईल तेव्हा. तू उभा ऱ्हायलास तर ते पण येणार न्हाई.”

तो गेला. शेजारी दस्तगीरचाचा लसणाच्या पाकळ्या झटकत होते. त्यांचा हात थांबला. ते माझ्याकडं बघून नुसते हसले. त्यांच्यापुढं एक माणूस दहाची नोट धरून उभा होता.

“नोट खिशात ठेवा, पाव्हणं,” चाचा त्याला म्हणाले. “घरी ज्वारी हाय का?”

“हाय की. कणगीभर.”

“घेऊन या जा. नोटेवर जेवढा लसूण देईन, त्याच्या दीडपट देतो.”

“का बरं?”

“आज माझा मूड हाय.”

तो माणूस पळतच गेला. पुढच्या गूळवाल्यानं हे ऐकलं. त्याच्या पुढच्या खारीबुंदीवाल्यानं ऐकलं. सभा झाली नाही, ठराव झाला नाही. तासाभरात ज्याला त्याला कळलं की आज नोटेला हात लावायचा नाही. आणि ज्वारी म्हणजे काय, पैसाच. संध्याकाळी तालुक्याच्या अडतीवर ओतली की नोटाच नोटा. पण बाजारात आहे तोवर ती ज्वारी. आणि ज्वारीनं भवानी होत नाही.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. बाया पाट्या घेऊन आल्या, गडी खांद्यावर पिशव्या टाकून आले. किती महिन्यांनी लिंबाखाली इतकी गर्दी झाली होती. आणि सोपान बिचारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विचारत फिरतोय.

“झाली का?”

“न्हाई बाबा.”

“तुमची?”

“आजचा दिवसच असा हाय बघ. एकाचाबी पैसा नाय दिसला.”

“आन् ही एवढी गर्दी?”

“नुसती बघायला आलीय.”

हे सांगताना गूळवाल्याच्या तोंडावरची माशी हलली नाही. त्याच्या मागं ज्वारीचं अर्धं पोतं भरलेलं.

दुपारी खुद्द गहिनीभाऊ आला. दाढी कोरलेली, गळ्यात साखळी, बोटांत अंगठ्या. जीपमधून उतरला तशी गर्दी दोन्ही बाजूंना सरकली. खोटं कशाला बोलू, मीही ज्वारीचं पोतं पाठीमागं सरकवलं.

“काय चाललंय?” त्यानं सोपानला विचारलं.

“भाऊ, कुणाचीच भवानी न्हाई.”

“कुणाचीच?”

“अख्ख्या बाजाराची.”

गहिनी दस्तगीरचाचांपुढं गेला. “चाचा, लई शहाणे झाला का?”

“या वयात कुठं आता, भाऊ. ज्यांना व्हायचं ते तरुणपणीच होतात.”

गहिनीनं लसणाच्या पाटीला लाथ घातली. लसूण मातीत पसरला. चाचा खाली वाकून एकेक गड्डी वेचायला लागले. मग पारूकाकू बसली वेचायला. मग अजून दोन बाया. कुणी गहिनीकडं बघतही नव्हतं, सगळे लसूण वेचत होते, आणि तो मधोमध उभा. एवढ्या माणसांच्या पाठी समोर असल्यावर धाक घालायचा तरी कुणाला?

त्यानं चिडून फर्मान सोडलं. “पैसा नाय तर ज्वारी घ्या. प्रत्येकाकडनं दोन पायल्या. सोपान, पोतं आण.”

इथं त्याचं चुकलं. कसं चुकलं ते मलाही तेव्हा लगेच कळलं नाही, डोळ्यांनी बघितल्यावर कळलं.

नोट कशी, हातातून हातात जाते. मूठ झाकली की दिसत नाही. घेणाऱ्याची ऐट राहते, देणाऱ्याची लाज झाकते. ज्वारीला पोतं लागतं. पोतं धरायला दोन माणसं लागतात. एकानं तोंड फाकवून धरायचं, दुसऱ्यानं ओणवं होऊन सांभाळायचं. पांढऱ्या पँटी घातलेली ती पोरं चहावाल्याकडून मागून आणलेलं फाटकं पोतं घेऊन दुकानामागून दुकान फिरायला लागली. पोत्याला भोक होतं, त्यातून ज्वारी गळत होती, आणि मागून कोंबड्या चालल्या होत्या. ज्वारीची कूस मानेत गेली की काय होतं, ते शेतकऱ्याला विचारा. सोपान एका हातानं पोतं धरायचा, एका हातानं मान खाजवायचा.

पहिलं हसू कुणाचं फुटलं माहीत नाही. बहुतेक पारूकाकूचं.

“सोपाना,” ती म्हणाली, “वासुदेव येतो दारात, तो निदान गाणं तरी म्हणतो रे. तू बी म्हण काहीतरी.”

“काकू, गप बसा.”

“बरं, गाणं नको. नाच तरी.”

बाजार हसला. दोन वर्षांत त्या पोरांकडं बघून कुणी हसलं नव्हतं. गूळवाल्यानं सुपातून ज्वारी ओतताना अगदी मनापासून हात जोडले आणि म्हणाला, “पुढच्या घरी जा बाबा, आमच्याकडं एवढंच हाय.” आता तर पोरंसोरंसुद्धा पोत्यामागं लागली. गहिनीचा चेहरा लाल झाला, पण मारणार कुणाला? हसणारे दोनशे.

याच गोंधळात अनसामावशी माझ्यापुढं येऊन बसली. अनसूया, गहिनीनाथाची आई. सरळ बाई, कष्टाची. पाच एकर स्वतः राबायची. लेकाचे उद्योग तिला ठाऊक होते, पण अर्धवट. तो तिला सांगायचा, मंडळाची वर्गणी, देवीच्या कामाला. ती पाटीतून पायलीभर ज्वारी घेऊन आली होती.

“कला, गावात म्हणत्यात, आज जुंधळ्यावर लई मिळतंय. खरं हाय का?”

“पिशवी धरा, मावशी.”

मी मिरची घालत गेले. पिशवी भरली तशी ती थांबली. हातात धरून तोलून बघितली. शेतकरी बाईच्या हाताला तराजू लागत नाही.

“एवढी? गेल्या बुधवारी एवढ्याच पैशाची घेतली, तर निम्मी पिशवी भरली नव्हती. आज मिरची स्वस्त झाली का?”

“न्हाई.”

“मग मला लेकाची आई म्हणून देतीस काय? तसलं नको मला.”

“पारूकाकूला पण ह्याच भावानं दिली. विचारा.”

“मग आधी कमी का देत होतीस?”

माझ्या मागं चाचा खोकले. गप बस, असं त्यांना म्हणायचं होतं. पण मला पुन्हा इथं यायचंच नव्हतं. ज्याला जायचंय त्याला कसली भीती?

“मावशी,” मी म्हणाले, “दर बुधवारी मला शंभर रुपये द्यावे लागत होते. मी काय ते घरून आणत होते? मिरचीवर चढवत होते. चाचा लसणावर चढवत होते. गूळवाला गुळावर. तुम्ही आमच्याकडनं घेत होता. म्हणजे तुमच्या पिशवीतली निम्मी मिरची दर बुधवारी मधल्या वाटेनं दुसरीकडं जात होती. आज मी पैसे दिले न्हाईत, म्हणून तुमची मिरची तुम्हाला मिळाली. एवढंच.”

तिच्या मागं उभे असलेले लोक पुढं सरकले. गावचा न्हावी होता, दोन-तीन बाया होत्या.

“थांबा,” न्हावी म्हणाला. “म्हंजे हप्ता आम्ही देत होतो?”

“मग तुला काय वाटलं, मी देत होते?”

“आम्हाला वाटलं, व्यापारी लोक...”

“व्यापारी म्हणजे मधला पाइप रे. पाणी तुझ्याच विहिरीचं.”

न्हाव्यानं मान खाली घातली आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागला. एका बाईनं विचारलं, “आन् बांगड्यांचं भाडं? ते बी ह्यातच धरायचं का?” प्रत्येकजण आपापलं तीळ-गूळ-कांदा-मिरची आठवत होता.

अनसामावशी हळूच म्हणाली, “म्हंजे मी माझ्याच लेकाला...”

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत पोतं आमच्यापर्यंत आलं. सोपान थकून बसला होता, म्हणून पोत्याचं एक टोक खुद्द गहिनीनं धरलेलं. घामेजलेला, दाढीत कूस अडकलेली. “चल, कला, दोन पाय...” म्हणत त्यानं मान वर केली, आणि समोर आई.

“काय करतोस रे?” तिनं विचारलं.

“आई, तू घरी जा.”

“घरी दोन पोती जुंधळा हाय. तुझ्या बापानं मरताना ठेवलेलं शेत हाय. मी दोन टायमाला थापून घालते. मी तुला उपाशी ठेवलं का रे, गहिन्या, पोतं घेऊन दारोदार फिरायला?”

“आई, ही वर्गणी हाय.”

“देवीला जुंधळा कधीपास्नं लागायला लागला?”

“तुला कळत न्हाई त्यातलं.”

“आत्ता कळलं. कलानं सांगितलं.” ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. “मला सांग, एवढ्या दिवसांचं जे गोळा केलंस, ते आपल्या घरी तर आलं न्हाई. मग गेलं कुठं?”

गहिनीनं जीपकडं बघितलं. जीप कर्जावर होती. तालुक्याला वरच्या साहेबांना दर महिन्याला पाकीट जायचं. पोरांची रोजची दारू, मटण. तो दुसऱ्यांना पिळत होता आणि त्याला कुणी तिसराच. पण हे आईला भर बाजारात कसं सांगणार?

“एवढं गाव मोडलंस,” ती म्हणाली, “आणि घरात एक पितळेचं भांडं न्हाई आलं. धंदाबी धड न्हाई केलास.”

यावर जो हशा पिकला, तो मी जन्मात विसरणार नाही. चाचांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सोपानसुद्धा तोंड फिरवून हसत होता. गहिनीनं पोत्याचं टोक सोडलं, ज्वारी सांडली, कोंबड्यांची दिवाळी झाली. तो जीपकडं चालायला लागला.

“कुठं चाललास?” आई म्हणाली. “ही कुणाकुणाची ज्वारी हाय, परत दे.”

“आता कशी देऊ? सगळी मिसळलीय.”

ते खरंच होतं. पिवळी, पांढरी, गुळाचे खडे, लसणाची साल, सगळं एकत्र. कुणाचं किती, देवालाही सांगता आलं नसतं. अनसामावशीनं पोत्यात हात घातला, ज्वारी बोटांतून गाळली.

“बरं. मग असं करू. ह्याचं पीठ मी करते. पुढच्या बुधवारी भाकरी थापून आणते, सगळ्या बाजाराला. ज्यानं गोळा केलंय तोच वाढील.”

गहिनीनाथ सुधारला, असं सांगितलं तर ते खोटं होईल. वर्षभरानं तो रस्त्यांच्या कंत्राटांत शिरला. तिथं भवानी-बिवानी कुणी बघत नाही, तिथले हप्ते एसीत बसून ठरतात, आणि म्हणूनच आमच्याकडचा रस्ता दर पावसाळ्यात नदीला जाऊन मिळतो. त्या रस्त्यातली निम्मी खडी कुणाच्या मधल्या वाटेनं जाते, हे गावानं अजून विचारलेलं नाही. डांबराला पोतं लागत नाही ना. पण बाजारात वसुलीला तो पुन्हा आला नाही. एकदाही नाही. कासारही त्या वर्षी परत आला.

तो दिवस मात्र तिथं संपला नाही. उन्हं कलली, गर्दी पांगली. मी ज्वारीची पोती शिवत होते. टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. चाचा विचारत होते, “कला, कांडपवाल्याला काय निरोप देऊ?” सुई पोत्यात अडकली होती.

अनसामावशी जाता जाता माझ्यापुढं थांबली. डोक्यावर पाटी, काखेत मिरचीची पिशवी. मागं गहिनी, पाठीवर ते पोतं, पांढरा शर्ट मातीनं माखलेला.

“कला, भाकरी मी आणते. त्यावर ठेचा लागंल. येशील का तू पुढच्या बुधवारी?”

मी सुई ओढून काढली.

“मिरची माझी,” मी म्हणाले. “मीठ तुम्ही आणा.”